मक्याचं बारीक पीठ आणि घरची व्हिस्की : मॅशची पहिली खेप लावताना

घरी व्हिस्की करायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. दुकानात मिळणारं मक्याचं बारीक पीठ चालतं का, की अख्खा मका आणून भरडायचा? चालतं. मी ऑकलंडला राहतो आणि बहुतेक खेपांना तेच वापरतो. पण पीठ जितकं बारीक, तितकं शिजवायला सोपं आणि गाळायला अवघड. हा सौदा आधी ठाऊक नसेल तर वीस लिटर पिवळी खळ आणि एक तुंबलेलं फडकं घेऊन रात्री अकरा वाजता लाँड्रीच्या टबापाशी उभं राहायची वेळ येते. माझ्यावर आली होती.

मराठीत ‘गाळणं’ या शब्दाने इथे थोडी पंचाईत होते. चहाही गाळतात आणि दारूही गाळतात. या लेखात गाळणं म्हणजे फडक्यातून किंवा चाळणीतून चोथा वेगळा करणं, एवढंच. उकळून वाफ थंड करण्याच्या कामाला मी ‘भट्टी’ म्हणेन. लेख भट्टीच्या दारापर्यंत जातो, आत शिरत नाही. मका शिजवून त्याची साखर करणं (धान्याची ही शिजवलेली लापशी म्हणजे मॅश) आणि ती आंबवणं हेच नवख्याचं अर्ध्याहून जास्त काम आहे, आणि बहुतेकांचं बिघडतं तेही इथेच.

कायद्याचं आधी. न्यूझीलंडमध्ये १९९६ च्या कस्टम्स अँड एक्साइज कायद्यापासून स्वतःपुरती दारू घरी भट्टी लावून करायला मुभा आहे. विकायची मात्र नाही. एक बाटलीही विकायची असेल तर परवाना लागतो. महाराष्ट्रात हाच उद्योग १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि नुसती भट्टी बाळगणंही त्यात येतं. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्येही परवान्याशिवाय घरी दारू काढता येत नाही. तेव्हा पुण्यात किंवा मेलबर्नला बसून वाचत असाल तर पुढचं सगळं माहिती म्हणून वाचा. आंबवण्यापर्यंतचा भाग हा बिअरचाच भाऊ असला, तरी त्याचेही नियम जागोजागी वेगळे आहेत, ते आपापले बघून घ्या.

पाकिटावर काय लिहिलंय ते नीट वाचा

पहिली फसगत दुकानातच होते. इथल्या सुपरमार्केटमध्ये ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणून जे मिळतं ते पांढरंशुभ्र, बोटांत चुरचुरणारं निव्वळ स्टार्च असतं, आपण मंचुरियनला लावतो ते. त्यातही काही पाकिटांवर बारीक अक्षरांत ‘व्हीटन’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ते चक्क गव्हाचं असतं. त्याची साखर होईल, दारूही होईल, पण मक्याची चव नावालाही येणार नाही. मग व्हिस्कीची हौस कशाला?

आपल्याला हवं ते पिवळं, मक्याच्या दाण्याचं पीठ. भारतीय किराणा दुकानात ‘मक्की आटा’ म्हणून मिळतं ते नेमकं हेच. सुपरमार्केटमधला पोलेंटा म्हणजे मक्याचा रवा. तोही चालतो, फक्त जास्त वेळ शिजवावा लागतो. ‘मासा’ म्हणून मिळणारं मेक्सिकन पीठ टाळा. ते चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं, चुन्याने मॅशची आम्लता बिघडते आणि चवही तॉर्तियासारखी लागते.

पीठ घेताना वास घ्या. मक्याच्या दाण्यात चार-पाच टक्के तेल असतं आणि ते बहुतेक सगळं त्याच्या अंकुरात असतं. अख्ख्या दाण्याचं पीठ त्यामुळे लवकर खवट होतं. माझ्या तिसऱ्या खेपेचं पीठ सवलतीत मिळालेलं, तारीख जवळ आलेली. पाकीट फोडल्यावर जुन्या शेंगदाण्याच्या डब्यासारखा वास आला, आणि मी ‘शिजल्यावर जाईल’ म्हणून दुर्लक्ष केलं. गेला नाही. शेवटच्या थेंबापर्यंत तो वास सोबत होता.

अख्खा मका मिळत असेल आणि घरी चक्की असेल तर फारच छान, ताज्या दळणाची सर पाकिटाला नाही. मिक्सरवर मात्र हे काम करू नका. अर्धं पीठ, अर्धे खडे आणि मोटरचा जळका वास, एवढंच हाती येतं.

बारीक पिठाने नेमकं काय सोपं होतं

मक्यातला स्टार्च दाण्याच्या आत प्रथिनांच्या जाळ्यात घट्ट बांधलेला असतो. साखर करणारी एन्झाइम्स त्याच्यापर्यंत पोचण्याआधी तो पाणी पिऊन फुगावा लागतो, फुटावा लागतो. बार्लीचा स्टार्च साधारण ६० ते ६५ अंशांना फुगतो, म्हणजे ज्या तापमानाला माल्टची, म्हणजे मोड आलेल्या बार्लीची, एन्झाइम्स काम करतात त्याच तापमानाला. म्हणून बिअरवाले बार्ली वेगळी शिजवत नाहीत. मक्याचा सुटा स्टार्च ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुगतो, पण दाण्यात अडकलेला असेल तर ८५ ते ९० पर्यंत नेऊन बराच वेळ ठेवल्याशिवाय हलत नाही. भरडा असेल तर दीड-दोन तास. बारीक पिठात हे जाळं जात्यानेच फोडलेलं असतं, त्यामुळे पाऊण तास ते एक तासात काम होतं.

ज्यांनी घरी कुरडया होताना पाहिल्यात त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. गव्हाचा चीक आधी दुधासारखा पांढरा असतो. उकळत्या पाण्यात पडून घोटला गेला की हळूहळू काचेसारखा पारदर्शक होतो. पारदर्शक झाला म्हणजे शिजला. मक्याचंही तसंच, फक्त रंग पिवळा.

पण शिजवून साखर होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पीठ कितीही बारीक असो, कितीही शिजवा, माल्टशिवाय ती फक्त उकड. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. तिच्यातली एन्झाइम्स स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून साखर करतात. हाही प्रकार आपल्या घरात नवा नाही. मोड आलेल्या नाचणीच्या सत्त्वाची पेज साध्या नाचणीच्या पिठापेक्षा पातळ होते, ती याच कारणाने.

आता सौद्याची दुसरी बाजू. स्कॉटलंडच्या माल्ट डिस्टिलरीत बार्ली फार बारीक दळत नाहीत. त्यांच्या भरड्याचं ठरलेलं प्रमाण साधारण ७० टक्के कणी, २० टक्के टरफल आणि १० टक्के पीठ असं असतं, कारण त्यांना गोड पाणी खाली गाळून घ्यायचं असतं आणि टरफलांचा थर हीच त्यांची चाळणी असते. अमेरिकेत केंटकीतले बर्बनवाले, म्हणजे मक्याची व्हिस्की करणारे, बहुतेक हॅमर मिलमध्ये मक्याचा चुरा करतात, कारण ते गाळतच नाहीत. चोथ्यासकट आंबवतात आणि चोथ्यासकटच उंच स्तंभाच्या भट्टीत पाठवतात. तिथे खालून वाफ येते, त्यामुळे काही जळत नाही.

आपल्याकडे दळण केंटकीचं आणि भांडं मात्र घरगुती, ही आपली मधली गत आहे. मक्याला टरफलाचा थर नसतो, त्यामुळे बारीक पिठाचा मॅश चाळणीवर ओतला की पाच मिनिटांत लिंपून बसतो. म्हणून माझा नियम असा : बारीक पीठ वापरायचं असेल तर आंबवण्याआधी गाळायच्या भानगडीत पडायचं नाही. चोथ्यासकट आंबवायचं, मग निवळू द्यायचं. ज्यांना आधीच गाळायचंय त्यांनी पोलेंटा किंवा फ्लेक्ड (पोह्यांसारखा चपटा केलेला) मका आणावा.

सामान

वीस लिटरच्या आसपासच्या खेपेसाठी मक्याचं पीठ साडेतीन किलो, दळलेला माल्ट दीड किलो आणि पाणी १८ लिटर. मक्याचा वाटा ७० टक्के झाला. अमेरिकेत बर्बन म्हणवून घ्यायला किमान ५१ टक्के मका लागतो, म्हणजे आपण त्या घराण्यात बसतो, निदान धान्यापुरते.

माल्ट कुठला, याला महत्त्व आहे. माल्टला स्वतःचा स्टार्च मोडून वर दुप्पट मक्याचाही मोडायचा असतो. होमब्रूच्या दुकानात ‘डिस्टिलर्स माल्ट’ मागा, त्यात एन्झाइम्सचा जोर जास्त असतो. बिअरचा साधा पेल माल्टच मिळाला तर तो दोन किलो घ्या, पीठ तीन किलो करा आणि सोबत अमायलेज एन्झाइमची छोटी पुडी घेऊन ठेवा. भाजलेले, गडद रंगाचे माल्ट इथे कामाचे नाहीत, भाजताना त्यांची एन्झाइम्स मेलेली असतात.

भांडं तीस लिटरचं, जाड बुडाचं. लांब लाकडी कालथा. डिजिटल थर्मामीटर (स्वस्तातला घेतलात तर उकळत्या पाण्यात एकदा तपासून घ्या), हायड्रोमीटर (पाण्यात किती साखर आहे ते दाखवणारी तरंगती नळी), टिंक्चर आयोडीनची बाटली, पांढरी बशी, आम्लता बघायच्या पट्ट्या, झाकणाची तीस लिटरची फूडग्रेड बादली, आणि एक जुनी रजाई. रजाईला हसू नका, पुढे कळेल.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर आदल्या रात्री उघड्या भांड्यात भरून ठेवा.

गुठळ्या

बारीक पिठाचा सगळ्यात मोठा शत्रू हाच. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की प्रत्येक गोळ्याच्या बाहेरचा थर क्षणात शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. सुपारीएवढी गुठळी फोडून पाहा, आत पिवळी भुकटी दिसेल. तिथे एन्झाइमही पोचत नाही आणि यीस्टही. पहिल्या खेपेला मी पिठलं करतात तसं एका हाताने भुरभुरवत, दुसऱ्याने घोटत बसलो होतो. वाटीभर बेसनाला ते जमतं. साडेतीन किलोला खांदा जातो आणि गुठळ्या व्हायच्या त्या होतातच.

मग आईला फोन केला. मक्याची उकड करतोय, एवढंच सांगितलं होतं.

“अरे, पीठ आधी गार पाण्यात कालवून घे की. चीक काय कोरडा टाकतात का?”

“खूप आहे गं.”

“खूप म्हणजे किती? कोण येणारे जेवायला?”

तेव्हापासून मी असं करतो. १८ पैकी सहा लिटर गार पाणी बादलीत घेतो. त्यात पीठ थोडं थोडं टाकत हाताने कालवतो. हाताला गुठळी लगेच कळते, कालथ्याला कळत नाही. डोशाच्या पिठाएवढं सरसरीत झालं की त्यातच दीड किलोमधला दोन मुठी माल्ट, म्हणजे साधारण दोनशे ग्रॅम, मिसळतो. हा माल्ट कशासाठी ते लगेच येतं.

उरलेलं बारा लिटर पाणी भांड्यात खळखळ उकळायचं. गॅस बंद करायचा. मग कालवलेलं पीठ बारीक धारेने ओतत राहायचं आणि दुसऱ्या माणसाने सतत ढवळायचं. दुसरं माणूस नसेल तर तांब्याने ओता, एक तांब्या ओतला की ढवळा. सगळं पडल्यावर थर्मामीटर बघा : बारा लिटर उकळतं आणि सहा लिटर गार पाणी मिळून तापमान आपोआप ६५ ते ६८ अंशांच्या आसपास येतं. हे माल्टच्या एन्झाइम्सचं आवडतं तापमान. आता त्या दोन मुठींचं काम सुरू होतं. दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. एवढ्यात जो काही स्टार्च फुगतो तो ही एन्झाइम्स जागच्या जागी तोडतात, आणि पुढे तापवताना मॅशची खळ होत नाही. बर्बनच्या कारखान्यांतही आधी थोडा माल्ट घालायची ही रीत आहे. हे न करता एकदा तापवून बघा : ७५ अंशांच्या पुढे कालथा उभा राहील भांड्यात.

शिजवणं

आता मंद आचेवर ८५ ते ९० अंशांपर्यंत न्यायचं. घाई केली की बूड लागतं, आणि बुडाला लागलेल्या मॅशचा करपट वास दूध करपल्यासारखाच, काही केल्या जात नाही. कालथा बुडाला टेकवून खरवडत ढवळा. मला या टप्प्याला अर्धा तास लागतो आणि मी रेडिओ लावून उभा असतो. इथे मोबाइल बघू नका.

नव्वदला पोचलं की गॅस बंद, झाकण घट्ट, वरून रजाई. (भांडं शेगडीवरून उतरवून मगच, हे सांगायला नको, पण सांगितलेलं बरं.) अठरा-वीस लिटर गरम लापशी रजाईत तासाभरात फार थोडे अंश उतरते. आच नाही म्हणजे करपायची भीती नाही. मध्ये दोनदा उघडून ढवळा. बारीक पिठाला एक तास पुरतो.

शिजलं की नाही हे घड्याळावर सोडू नका. चमचाभर बशीवर पसरा, बशी तिरकी करा. पिवळसर, अर्धपारदर्शक, एकजीव ओघळ दिसला पाहिजे. त्यात पांढरट ठिपके दिसले किंवा चिमटीत रवाळ लागलं तर अजून अर्धा तास. जिभेवर कच्च्या पिठाची चव राहता कामा नये.

माल्ट, आणि थांबायची अक्कल

शिजवताना माल्टच्या त्या पहिल्या दोन मुठी संपल्या, ८५ अंशांना त्यांची एन्झाइम्स मेली. उरलेला एक किलो तीनशे ग्रॅम माल्ट आता घालायचा, पण मॅश ६७ अंशांवर उतरल्यावरच. वीस लिटर लापशी नव्वदवरून सदुसष्टला यायला हवेत ठेवली तर दोन-तीन तास लागतात. लाँड्रीच्या टबात गार पाणी भरून भांडं त्यात ठेवलं आणि ढवळत राहिलं तर वीस-पंचवीस मिनिटं.

याच वीस मिनिटांत लोकांचा धीर सुटतो. माझा सुटला होता. वरचा थर ६८ दाखवत होता, मी माल्ट ओतला, मग ढवळलं आणि आकडा ७८ वर गेला. मध्यभाग गरमच होता. तासाभराने चाखलं तर गोडी जेमतेम. आयोडीनचा थेंब शाईसारखा काळानिळा, म्हणजे स्टार्च तसाच. त्या खेपेला पुन्हा ६५ पर्यंत उतरवून अर्धा किलो नवा माल्ट घातला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तेव्हा आधी ढवळायचं, मग मोजायचं, मग पुन्हा ढवळून पुन्हा मोजायचं, आणि तोवर माल्टच्या पिशवीला हात लावायचा नाही.

माल्ट गार असतो, घातल्यावर तापमान एक-दोन अंश खाली येतं. ६४ ते ६६ च्या मध्ये स्थिरावलं की पट्टीने आम्लता, म्हणजे पीएच, बघा. ५.२ ते ५.६ च्या दरम्यान हवी. आकडा वर असेल, म्हणजे आम्लता कमी असेल, तर चिमूट-चिमूट सायट्रिक अॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. मग झाकण, रजाई, आणि दीड तास. पहिल्या पंधरा मिनिटांतच जादू दिसते. जाड लापशी बघता बघता सुटते, पाण्यासारखी हलायला लागते, वर किंचित तपकिरी पाणी येतं आणि चव कणसाच्या दाण्यासारखी गोड होते. एवढ्या खेपा झाल्या तरी मी दर वेळी झाकण उचलून बघतो.

दीड तासाने आयोडीन. वरचं स्वच्छ पाणी चमच्याने बशीवर घ्या, टरफल किंवा पिठाचा कण आला तर तो काळा पडणारच आणि तुम्ही उगाच घाबराल. एक थेंब टिंक्चर टाका. रंग आयोडीनचा तांबूस-पिवळाच राहिला तर स्टार्च संपला. निळा-काळा झाला तर अर्धा तास आणखी. तरीही तसाच असेल तर ती अमायलेजची पुडी आता उघडायची, वर लिहिलेल्या प्रमाणाने. तपासलेली बशी धुवा, ते परत भांड्यात ओतू नका.

माल्ट अजिबात न वापरता सगळं एन्झाइमवर करायचीही पद्धत आहे. एक एन्झाइम ८५-९० अंशांना शिजवतानाच घालतात, दुसरं ६० च्या आसपास. ते भरवशाचं आहे, गुठळ्या सोडल्या तर चुकायला जागाच नाही. चव मात्र मला बोडकी वाटते. माल्टचा बिस्किटासारखा वास त्यात येत नाही.

आंबवणं

आता २८-३० अंशांपर्यंत जितक्या लवकर उतरवता येईल तितकं उतरवा. चाळीस-पन्नास अंशांच्या कोमट गोड लापशीत लॅक्टिक जंतू मजेत वाढतात. थोडे आले तर बिघडत नाही, पण यीस्टला पहिली पंगत मिळाली पाहिजे.

हायड्रोमीटरसाठी थोडं पाणी चहाच्या गाळणीतून नव्हे, दुपदरी मलमलीतून किंवा कॉफी फिल्टरमधून काढा आणि २० अंशांपर्यंत गार करा. पिठूळ मॅशमध्ये हायड्रोमीटर सरळ उभा राहतो आणि खोटं बोलतो. साध्या पाण्याला १.००० येतं, इथे १.०५५ ते १.०६० मिळालं तर उत्तम. १.०४५ च्या खाली असेल तर कुठेतरी शिजणं किंवा माल्ट कमी पडला. साखर घालून आकडा वाढवायचा मोह होईल. घातलीत तर दारू वाढेल आणि मका पातळ होईल, तुमची मर्जी.

बादली आणि कालथा निर्जंतुक करा, मॅश ओता, दोन-तीन मिनिटं जोरात फेसाळून ढवळा आणि वीस ग्रॅम कोरडं यीस्ट वर भुरभुरवा. व्हिस्कीचं खास यीस्ट मिळतं, ब्रेडचंही चालतं. बादलीत वर एक तृतीयांश जागा मोकळी ठेवा. दुसऱ्या दिवशी मक्याचा चोथा फुगून वर टोपीसारखा येतो, आणि जागा नसेल तर झाकण उडवून भिंतीवर जातो. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ स्वच्छ कालथ्याने ती टोपी खाली दाबा.

ऑकलंडच्या हिवाळ्यात लाँड्रीत बारा-तेरा अंश असतात, तिथे यीस्ट झोपून जातं. इथल्या बऱ्याच घरांत गरम पाण्याच्या सिलिंडरचं कपाट असतं. आपल्या लोकांचं इडलीचं पीठ हिवाळ्यात तिथेच फुगतं आणि माझी बादलीही तिथेच बसते. शनिवारी इडली असेल तर आधी घरात विचारून घ्यावं लागतं. जागा लहान आणि बंद असेल तर दार किलकिलं ठेवा, या दिवसांत कार्बन डायऑक्साइड भरपूर सुटतो.

बिअरवाले माल्टचं पाणी उकळतात तेव्हा एन्झाइम्स मरतात. आपण माल्ट घातल्यावर उकळलं नाही, त्यामुळे बादलीतही साखर होतच राहते. म्हणून आकडा खूप खाली जातो, पाच ते सात दिवसांत १.००० च्या आसपास. दोन दिवस आकडा हलला नाही, टोपी खाली बसली आणि चवीत गोडीचा लवलेश नाही, आंबूस-कोरडी लागते, म्हणजे झालं. दारू सात-साडेसात टक्के.

निवळू द्या

इथे बारीक पिठाचं देणं चुकवायचं असतं. बादली गार जागी हलवा आणि तीन दिवस हात लावू नका. खाली पिठाचा गाळ, वर पिवळसर पाणी. नळीने वरचं अलगद काढून घ्या, नळीचं तोंड गाळाच्या चार बोटं वर ठेवून. तेरा-चौदा लिटर मिळतात. उरलेला गाळ बारीक जाळीच्या पिशवीत घालून रात्रभर टांगा, चक्का बांधतो तसा. पिळू नका, पिळलं की पीठ जाळीतून बाहेर येतं आणि केलेलं सगळं वाया जातं. आणखी दोन-एक लिटर ठिबकतात, तेही निवळूनच घ्या. उरलेला ओलावा सोडून द्या. मला ते सोडायला वर्षभर लागलं.

निवळण्याचा एवढा आग्रह का, तर विजेच्या कॉइलच्या घरगुती भट्टीत पीठ गेलं की ते कॉइलवर बसतं आणि करपतं, शिवाय फेस वर चढून नळीत जातो. भट्टीबद्दल बाकीचं तुमच्या जवळच्या जाणकाराकडून शिका, पण तीन गोष्टी इथेच सांगतो. उघड्या ज्योतीवर भट्टी लावू नका, अल्कोहोलची वाफ पेट घेते. वाफेचा मार्ग कधीही पूर्ण बंद होता कामा नये. आणि शिशाचं डाग दिलेलं कुठलंही भांडं वापरू नका.

मिथेनॉलचं कुणीतरी विचारणारच. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली ती दारूत मिसळलेल्या मिथेनॉलने. धान्याच्या मॅशमध्ये ते फार थोडं तयार होतं, ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून येतं. तरीही भट्टीतून सुरुवातीला येणारा तीव्र वासाचा भाग टाकून द्यायचा ही शिस्त सोडायची नाही. आणि हिशोब आधीच करून ठेवा : साडेसात टक्क्यांच्या चौदा लिटरांत शुद्ध अल्कोहोल जेमतेम एक लिटर असतं. पाहुण्यांना आधी बोलावून बसू नका.

भट्टी झाल्यावर भांड्यात जे आंबट गरम पाणी उरतं ते सगळं ओतून देऊ नका. गार करून, निवळून, त्यातले दोन-तीन लिटर पुढच्या खेपेच्या पाण्यात मिसळा. यालाच अमेरिकेत सावर मॅश म्हणतात. एकोणिसाव्या शतकात केंटकीत जेम्स क्रो नावाच्या स्कॉटिश माणसाने ही रीत शास्त्रशुद्ध बसवली. आम्लता आपोआप जागेवर येते आणि लिंबूसत्त्व लागत नाही.

गाळ कंपोस्टमध्ये टाका, कोरडा पालापाचोळा मिसळून, नाहीतर कपडे वाळत घालायची पंचाईत होईल इतका वास सुटतो. मोरीत मात्र चमचाभरही नको. शिजलेलं मक्याचं पीठ पाइपच्या वळणात जाऊन गार होतं आणि घट्ट बसतं. प्लंबरने ते काढताना मला विचारलं होतं, हे काय आहे म्हणून. मी पोलेंटा म्हणालो.